पिठाच्या डब्यातली तळची मूठ

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या शनिवारच्या पुरवणीत पिठाला कीड लागू नये म्हणून गृहिणींसाठी काही सूचना छापून आल्या आहेत. डब्यात तमालपत्रे खोचावीत, सुक्या मिरच्या आणि खडे मीठ घालावे, हे नेहमीचे उपाय त्यात आहेतच. परंतु त्याच ओघात पिठात चिमूटभर बोरिक पावडर मिसळावी, आणि वर्षाच्या गव्हाच्या कोठीत बी-बियाण्यांच्या दुकानातून आणलेली एक गोळी फडक्यात गुंडाळून ठेवावी, अशाही दोन सूचना आहेत. त्या वाचून हे पत्र लिहिल्यावाचून मला राहवले नाही. डोंबिवलीत गेली एकतीस वर्षे मी पिठाची गिरणी चालवतो. दिवसाकाठी पन्नास-साठ घरांचे डबे माझ्या हातून उघडले जातात, आणि पावसाळ्यात त्यांतील पाच-सहा डब्यांत तरी दळणाआधीच कोणीतरी वस्तीला आलेले असते. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय तो एवढाच.

बोरिक पावडरीचे आधी सांगतो. तांदळाला ती चोळून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मला ती पसंत नाही. तरी तांदूळ शिजवण्यापूर्वी दोन-तीन पाण्यांनी धुतला जातो आणि पावडरीचा बराचसा अंश मोरीत जातो, एवढे तरी तिच्या बाजूने म्हणता येते. पीठ मात्र कोणी धूत नाही. डब्यात मिसळलेली पावडर जशीच्या तशी कणकेत जाते, कणकेतून पोळीत आणि पोळीतून मुलांच्या शाळेच्या डब्यात जाते, तेही एकदा नव्हे, रोज. बोरिक आम्ल शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाला करावे लागते, त्यामुळे लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचा विकार असलेली माणसे यांना त्याची बाधा अधिक. गंमत अशी, की आपल्या पुरवणीत त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात झुरळे मारण्याची युक्ती दिली आहे, आणि ती म्हणजे कणकेत साखर व बोरिक पावडर मळून गोळ्या कराव्यात! वरच्या चौकटीत जे पीठ टिकवण्यासाठी सांगितले तेच खालच्या चौकटीत विष म्हणून सांगितले आहे, हे छापताना कोणाच्या ध्यानात आले नसावे. घरी बसून न दिसणारी आणखी एक गोष्ट मला गिरणीत दिसते. बोरिक लावलेले गहू पुष्कळ जण न धुता, न पुसता दळायला आणतात, आणि त्यांचे जे पीठ दगडांमध्ये उरते ते पुढच्या घरच्या दळणात उतरते. म्हणून गव्हाचा डबा उतरवून घेताना ‘वहिनी, गव्हाला काही लावलंय का?’ असे विचारण्याची मी सवयच लावून घेतली आहे.

गोळीची गोष्ट याहून गंभीर आहे. ही गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतील ओलावा लागताच तिच्यातून फॉस्फिन नावाचा वायू सुटू लागतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम वायू निघतो. मोठ्या गोदामांत धान्याच्या थप्प्यांवर जाड आच्छादन घालून, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबून, माणसांना बाहेर काढून हा वायू वापरतात, आणि तेथे त्याचे काम चोख असते. आपल्या घरात मात्र वर्षाची कोठी कोठे असते? बहुधा आतल्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी. कोठीचे झाकण आपल्याला घट्ट वाटले तरी वायूला ते घट्ट नसते, आणि खोलीच्या खिडक्या पावसामुळे बंद असतात. या विषबाधेवर उतारा नाही. डॉक्टर फक्त लक्षणांवर उपचार करू शकतात. म्हणूनच ही गोळी सरकारी यंत्रणांनी किंवा कीटकनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरावी असा नियम आहे, आणि तीन ग्रॅमच्या दहा किंवा वीस गोळ्या असलेल्या नळ्यांवर तर केंद्र सरकारने २००१ मध्येच बंदी घातली. माझ्या वयाच्या वाचकांना काचेच्या त्या छोट्या नळ्याही आठवत असतील, ज्या कापडात गुंडाळून धान्याच्या मध्यभागी फोडायच्या असत. त्यांत ईडीबी, म्हणजे इथिलीन डायब्रोमाइड, हे विषारी द्रव असे. त्यावरही त्याच वर्षी बंदी आली. आमच्या घरी त्या नळ्या होत्या आणि आम्हाला काही झाले नाही, असे कोणी म्हणेल. मीही पूर्वी म्हणत असे. आता म्हणत नाही.

एवढे झाल्यावर मूळ प्रश्नाकडे येतो. आपण सगळे सरसकट ‘पोरकिडे झाले’ म्हणतो, पण पिठात दिसणारा प्रत्येक किडा पिठातलाच असतो असे नाही, आणि उपाय चुकतात ते बहुधा येथेच. किडा तळहातावर घेऊन उजेडात पाहावा. त्याला पुढे बारीक सोंड असेल तर तो सोंडकिडा. तो अख्ख्या दाण्याला भोक पाडून आत अंडे घालतो, भोक स्वतःच्या चिकट स्रावाने बुजवतो, आणि अळी दाण्याच्या पोटातच वाढते. सुट्या पिठात त्याचा वंश वाढत नाही. म्हणजे पिठात सोंडे दिसले तर पिठाचा डबा घासत बसण्यात अर्थ नाही, गव्हाची किंवा तांदळाची कोठी उघडून पाहायला हवी. किड्याला सोंड नसेल, तो लालसर तपकिरी, चपटा, तिळाहून जेमतेम मोठा आणि उजेड दिसताच पिठात शिरणारा असेल, तर तो पिठातला तांबडा भुंगेरा. याला अख्खा निरोगी दाणा फोडता येत नाही. त्याला पीठ, रवा, कोंडा, फुटका दाणा, म्हणजे कोणीतरी आधीच दळून ठेवलेले लागते. आणि पिठाचे गोळे एकमेकांना चिकटून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागले, डब्याच्या झाकणाला आतून जाळी धरली, तर ते काम पतंगाच्या अळीचे. तिचे आईबाप करड्या रंगाचे छोटे पतंग होऊन संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती फिरत असतात आणि आपण त्यांना पावसाळी पाखरे समजतो.

या पत्राचा मुख्य विषय तांबडा भुंगेरा आहे, कारण घरातल्या पिठाचा खरा भाडेकरू तोच. त्याची मादी आपल्या आयुष्यात तीनशे-चारशे अंडी घालते, पण एकदम नाही. रोज थोडी थोडी, कित्येक महिने. अंडे चिकट असते, घातल्याबरोबर त्याला पिठाचे कण लागतात आणि ते पिठासारखेच दिसू लागते. त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणून घरच्या चाळणीतून ते बेलाशक खाली उतरते. पीठ चाळून किडे काढले की पीठ स्वच्छ झाले, ही समजूत त्यामुळेच फसवी ठरते. आपण आईबाप काढतो आणि अंडी नीट चाळून परत डब्यात भरतो. मोठ्या कारखान्यांत यासाठी एन्टोलेटर नावाचे यंत्र असते. त्यात पीठ प्रचंड वेगाने पोलादी खिळ्यांवर आदळते आणि अंडी फुटतात. माझ्या गिरणीत असे काही नाही, आणि घरघंटीतही नसते. आपल्याकडच्या हवेत, तीस अंशांच्या आसपासच्या तापमानाला, अंड्यापासून भुंगेरा व्हायला सुमारे महिना लागतो. हा महिन्याचा हिशेब वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

मागच्या श्रावणात एक काकू दहा किलोचा स्टीलचा डबा घेऊन गिरणीच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या गिरणीतून किडे येतात. आठ दिवस नाही झाले दळण नेऊन!” आवाज चढला होता आणि तो चढण्याजोगेच कारण होते. मी त्यांना आत बोलावले, बाकावर वर्तमानपत्र पसरले आणि डबा त्यावर उपडा केला. पीठ वरून पांढरेशुभ्र होते. पण शेवटी, डबा आपटल्यावर, तळातून एक चकतीसारखी थापी सुटून पडली, तिचा रंग बाकीच्या पिठाहून काळपट, किंचित गुलाबीसर, आणि तिला एक उग्र, औषधासारखा वास होता. ती आठ दिवसांपूर्वीची नव्हती. मग मी झाकण उलटे केले. स्टीलच्या झाकणाची कड आत दुमडलेली असते. त्या दुमडीत दाभणाचे टोक घालून फिरवले तेव्हा कागदावर पिठाची वाळलेली वळी पडली, आणि तिच्यातून आठ-नऊ भुंगेरे आणि अळ्यांच्या टाकलेल्या कातींचा भुसा. काकू गप्प झाल्या. नंतर हळूच म्हणाल्या, “डबा मी कधी पूर्ण रिकामा करत नाही हो. सासूबाई करू द्यायच्या नाहीत.”

सासूबाईंचे म्हणणे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. पिठाचा डबा खडखडीत रिकामा होऊ देऊ नये, ‘पीठ संपले’ म्हणू नये, ‘वाढले’ म्हणावे, आणि तळाशी मूठभर पीठ ठेवून त्यावरच नवे दळण ओतावे. या मागची भावना मला परकी नाही; माझ्या आईनेही आयुष्यभर हेच केले. परंतु जात्यावर पहाटे दोन दिवसांपुरते दळले जात होते तेव्हा ती मूठ फार तर तिसऱ्या दिवशी थापली जाई. आज आपण महिन्याचे दहा-बारा किलो एकदम दळून नेतो, तळाच्या मुठीवर नवे दळण पडते, पुढच्या महिन्याला त्यावर आणखी नवे, आणि ती मूठ वर्षानुवर्षे डब्याच्या बुडाशी तशीच राहते. मघाशी सांगितलेला महिन्याचा हिशेब येथे लागतो. प्रत्येक नव्या दळणाला ही मूठ विरजण लावावे तशी लागते. भुंगेऱ्याची पिढी पूर्ण होण्याआत नवे अन्न वरून पडत राहते, आणि साखळी कधी तुटतच नाही. काकूंना मी सुचवले ते येथेही लिहितो: अन्नपूर्णेचा मान राखायचा असेल तर ती मूठ एका छोट्या वाटीत काढून फ्रीजरमध्ये ठेवावी, मोठा डबा मोकळा करून घासावा, पुसावा, कडकडीत वाळवावा, आणि नवे दळण भरल्यावर त्या मुठीची पहिली पोळी करावी. सासूबाईंची हरकत येणार नाही असे वाटते.

आता माझ्या बाजूचे. त्या दिवशी काकू गेल्यावर मला चैन पडेना, म्हणून दुपारी मोटर बंद करून मी यंत्र उघडले. पीठ ज्या कापडी बाहीतून डब्यात पडते ती बाही उलटी केली, तर तिच्या शिवणीत दोन भुंगेरे होते. दोनच, पण होते. गिरणीच्या दगडांभोवतीच्या पोकळीत प्रत्येक दळणानंतर पाव ते अर्धा किलो पीठ राहते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या डब्यात पहिली ओंजळ पडते ती आधीच्याच्या पिठाची असते. रोज गिरणी चालू असते तोवर हे पीठ शिळे होत नाही. पण गणपतीला आम्ही गावी जातो, आठ दिवस कुलूप असते, आणि परत आल्यावर पहिल्या दिवशी पहिले दळण ज्याचे त्याच्या नशिबी ते आठ दिवसांचे पीठ येते. तेव्हापासून मी नियम केला आहे: दर सोमवारी दगड उघडून ब्रशने झाडायचा, बाही धुऊन उन्हात टाकायची, आणि सुट्टीनंतर माझ्याच पदरचे दोन किलो गहू आधी दळून ते पीठ टाकून द्यायचे. सगळे गिरणीवाले हे करतात असे मी म्हणणार नाही. वाचकांनी आपापल्या गिरणीत जाऊन ‘दगड कधी झाडला?’ असे विचारण्यास मुळीच संकोचू नये. ज्याने झाडला असेल त्याला राग येणार नाही.

दळण घरी नेल्यावर होणारी एक चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिचा वेगळा उल्लेख करतो. दगडाखालून पीठ हाताला चटका लागेल इतके गरम निघते. तेच गरम पीठ झाकण घट्ट लावून ठेवले की रात्रीतून वाफ थंड होऊन झाकणाला आतून पाणी सुटते, ते पिठात उतरते, गुठळ्या होतात, कुबट वास येतो, आणि ज्याला आपण ‘गिरणीचा वास’ म्हणतो तो तयार होतो. पाकीटबंद आट्यातील ओलावा १४ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये असा अन्न सुरक्षा नियमांतील निकष आहे. घरी मोजमाप नसते, पण परातीत तासभर पसरून, पंख्याखाली हाताला पूर्ण गार लागेल तेव्हाच डबा भरावा एवढे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.

तमालपत्र, लवंगा, मिरच्या यांच्याविषयी माझे मत विचाराल तर, त्यांनी अपाय होत नाही आणि फारसा उपायही होत नाही. एका डब्यात तमालपत्राच्या मधल्या शिरेवरच भुंगेरा बसलेला मी पाहिला आहे. खड्या मिठाला मात्र माझा विरोध आहे, कारण पावसाळ्यात मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि पिठाला ओल पुरवते. पीठ उन्हात ठेवण्याचाही विशेष लाभ नाही. भुंगेरा उजेडापासून पळतो, पिठाच्या थराखाली जातो, आणि पीठ उष्णता खालपर्यंत पोचू देत नाही. शिवाय हा किडा फार कोरड्या पिठातही तग धरतो, त्यामुळे नुसते सुकवून तो हटत नाही. उन्हाचा उपयोग गव्हाला, कडधान्यांना आणि रिकाम्या डब्याला.

खात्रीचा उपाय एकच, आणि तो आता बहुतेक घरांत आहे: फ्रीजर. पीठ, रवा, मैदा, बेसन यांची किलो-किलोची पाकिटे चपटी करून, उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये निदान चार दिवस ठेवली, तर अंडी, अळी, कोष आणि भुंगेरा असे चारही मरतात. पाकीट चपटे हवे, कारण जाड गठ्ठ्याच्या मध्यापर्यंत थंडी पोचायला फार वेळ लागतो. बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. उघडले तर थंड पिठावर हवेतले दव धरते आणि एक दुखणे जाऊन दुसरे येते. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्याने किडे लवकर मरत नाहीत, पण त्यांची वाढ थांबते, आणि ज्या घरी दोनच माणसे आहेत व पीठ महिनाभर पुरते, त्यांना तेवढेही पुष्कळ आहे. रव्यासाठी तर आपल्या घरांत आधीपासूनच उत्तम रीत आहे: आणल्याबरोबर मंद आचेवर कोरडा भाजून, गार करून भरायचा. त्या आचेत अंडीही जातात. भाजणी टिकते यामागे हेही एक कारण आहे.

दळणाचे प्रमाण हा दुसरा उपाय, आणि त्याला खर्च शून्य. चौघांच्या घराने महिन्याचे एकदम दळण्याऐवजी पंधरा दिवसांचे दळावे. म्हणजे एखाद-दुसरे अंडे पिठात आलेच तरी त्याचा भुंगेरा होण्याआधी पीठ पोटात गेलेले असते. (हे सांगून मी आपल्याच धंद्याची फेरी वाढवतो आहे असा आरोप होऊ शकतो. मी दर किलोवर घेतो, फेरीवर नाही.) ज्वारी-बाजरीला तर हे अधिकच लागू. बाजरीचे पीठ आठवड्याभरात कडवट होऊ लागते, कारण तिच्यातले तेल हवेने खवट होते, आणि ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापताना कडेला चिरा पडतात. या धान्यांना कीड लागण्याआधीच त्यांची चव जाते, म्हणून आमच्याकडे लातूर-सोलापूरकडची जी घरे आहेत ती आजही आठवड्याचेच दळतात, आणि त्यांच्या डब्यांत मला भुंगेरा क्वचितच दिसतो.

डब्यांविषयी थोडेसे. प्लास्टिकच्या फिरकीच्या झाकणांना आटे असतात आणि त्या आट्यांत पीठ साचते. दुमडीच्या झाकणाचे मघाशी सांगितलेच. काचेच्या किंवा गुळगुळीत भिंतीच्या बरणीवर हा भुंगेरा चढू शकत नाही, पण भिंतीला पिठाची धूळ बसली की तीच त्याची शिडी होते. डबा धुतल्यावर एक रात्र उपडा ठेवून, दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या उन्हात तोंड वर करून ठेवावा. आणि पिठाची चाळणी! तिच्या पत्र्याच्या कडेत जेवढे जुने पीठ असते तेवढे कोठेच नसते, आणि तीच चाळणी आपण बेसनापासून मैद्यापर्यंत सगळ्या डब्यांवर फिरवतो.

कीड लागलेल्या पिठाचे काय करावे, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बहुधा आशा असते. दोन-चार भुंगेरे दिसले, पिठाला वास नाही, रंग बदललेला नाही, तर चाळून, चार दिवस गोठवून, लवकर वापरून टाकावे. आपल्या आज्या न गोठवताच वापरत आणि तेवढ्याने कोणाला काही होत नाही. पण पीठ गुलाबीसर झाले असेल, वास उग्र असेल, कणीक मळताना ती ताणली न जाता तुटत असेल, तर ते टाकावे. हा रंग आणि वास भुंगेऱ्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या क्विनोन नावाच्या द्रव्यांचा असतो, आणि चाळणीने किडे निघाले तरी ती द्रव्ये पिठातच राहतात. जीव तुटतो हे मला ठाऊक आहे. परंतु टाकतानाही ते पिशवीत घट्ट बांधून घराबाहेरच्या कचऱ्यात टाकावे, ओट्याखालच्या कचऱ्याच्या बादलीत नव्हे, नाहीतर सगळी मंडळी रात्रीतून परत डब्यात येतात.

पाकीटबंद आट्यात किडे निघाले तर ती फक्त दुर्दैवाची गोष्ट नाही. अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ मध्ये ‘असुरक्षित अन्ना’ची जी व्याख्या आहे तिच्यात अळ्या, सोंडे व किडे लागलेल्या अन्नाचा स्पष्ट समावेश आहे. पाकीट, त्यावरचा बॅच क्रमांक आणि पावती जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. मात्र पाकीट फोडून महिनाभर कपाटात ठेवल्यावर निघालेल्या किड्यांचा दोष कोणाचा, हे ठरवणे अवघड, म्हणून पाकीट आणल्या दिवशीच उघडून पाहावे आणि आट्याचे पीठ लगेच डब्यात काढावे.

वर्षाचे गहू भरणाऱ्यांसाठी शेवटी थोडे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात दोन-तीन दिवस गहू वाळवणे हा आजही चांगलाच उपाय आहे, फक्त उन्हातून उचललेले तापलेले गहू त्याच संध्याकाळी कोठीत ओतू नयेत, रात्रभर गार होऊ द्यावेत. तूर, मूग, चवळी यांना किलोमागे चमचाभर, म्हणजे सुमारे पाच मिलिलिटर, खाद्यतेल चोळल्यास कडधान्यातल्या भुंग्याला आळा बसतो, कारण तेलकट दाण्यावर घातलेली अंडी जगत नाहीत. ही घरगुती रीत संशोधकांनीही पारखून मान्य केलेली आहे. गव्हाला एरंडेल लावणाऱ्यांना माझी एवढीच विनंती, की हात आखडता ठेवावा. तेलाने माखलेले गहू दगडाला चिकटतात आणि मला संध्याकाळी दगडाला टाकी लावत, म्हणजे छिन्नीने तो पुन्हा खरबरीत करत, बसावे लागते. ज्यांच्याकडे गच्ची नाही, ऊन नाही आणि कोठी पलंगाखाली आहे, त्यांनी वर्षाचे गहू भरण्याचा हट्ट सोडून दोन-दोन महिन्यांचे आणावेत. थोडे महाग पडतील, पण तेवढ्यासाठी झोपायच्या खोलीत विषारी गोळी ठेवण्याची गरज उरणार नाही.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीतील सूचना कात्रण करून फ्रीजच्या दारावर चिकटवणारी पुष्कळ घरे आहेत. माझ्याकडे दळायला येणाऱ्या दोन वहिनींनी ते कात्रण मला आणून दाखवले, म्हणूनच मला हे कळले. तेव्हा बोरिक पावडर पिठात मिसळण्याची आणि कोठीत गोळी ठेवण्याची, अशा दोन्ही सूचना मागे घेत असल्याचे आपण येत्या शनिवारी त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत छापावे, अशी माझी विनंती आहे. ते पान मी गिरणीत दराच्या पाटीशेजारी लावीन.

आपला,
एक गिरणीचालक,
डोंबिवली (पूर्व)